जोडीदार : निरंक

नांदेड आणि लातूर ही दोन गावं अखेर एक झाली, आणि त्या एका गावात धम्मानंद सोनकांबळे आणि आरती वाघमारे अकरा दिवस सुखाने राहिले.

असं काही झालेलं नाही. मन्याड-मांजरा शिक्षण प्रसारक मंडळाच्या अध्यक्षांच्या सहीचं तसं पत्रच आहे. 'सदर बाब घडलीच नाही असे समजण्यात यावे' असं त्यात लिहिलंय आणि खाली गोल शिक्का आहे. शिक्क्यापुढे कोणाचं काय चालतं. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं समजू आणि जे घडलं नाही ते पहिल्यापासून सांगू.

धम्मानंद मूळचा मुखेडचा. मंडळाच्या नांदेडच्या ज्युनिअर कॉलेजात तो तर्कशास्त्र शिकवायचा. 'सर्व माणसे मर्त्य आहेत' हे वाक्य त्याने सात वर्षं शिकवलं आणि दरवर्षी ते ऐकणारी पोरं कमी होत गेली. आठव्या वर्षी वर्गात एकच मुलगी उरली. तीही चुकून आली होती, तिला भूगोल पाहिजे होता. मंडळाने धम्मानंदला 'अतिरिक्त' ठरवलं. अतिरिक्त माणूस काढता येत नाही आणि ठेवायचा कुठे हेही कळत नाही, म्हणून त्याला मुख्य कार्यालयात संगणकापुढे बसवलं.

त्याच सुमारास अध्यक्ष हैदराबादला कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि म्हणाले, "आपल्या मंडळाला दिवाळीच्या आत एक ऑन्टॉलॉजी पाहिजे." नवी जीप पाहिजे म्हणावं तसं म्हणाले. कार्यालय अधीक्षक श्रीपाद कुर्तडीकरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि कोटेशन मागवायला निघाले. धम्मानंद म्हणाला, "साहेब, ती विकत मिळत न्हाई. बनवावी लागते. कोण म्हणजे काय, कशाचा कशाशी काय संबंध, हे सगळं यंत्राला कळेल असं मांडायचं. मग खरी माणसं त्यात भरायची."

"तुम्हाला येते?"

"येते."

ती त्याला आरतीमुळे येत होती.

आरती मंडळाच्या लातूरच्या शाळेत गणित शिकवते. बौद्धाच्या घरात आरती हे नाव कसं, असं कोणी विचारलं तर ती सांगते की दवाखान्यातल्या नर्सला घाई होती. दोन वर्षांमागे अहमदपूरला मंडळाचं प्रशिक्षण होतं. विषय 'तणावमुक्त अध्यापन'. वक्ते तीन तास बोलले आणि सगळ्यांना तणाव आला. धम्मानंद शेजारी बसून वहीत काहीबाही वाक्यं लिहीत होता. आरतीने त्याची वही ओढली.

"तुम्ही तर्कशास्त्रवाले नुसती वाक्यं लिवत बसता. चौकोन काढा, बाण काढा. भानगड मिटली." तिने एक चौकोन काढून त्यात 'शिक्षक' लिहिलं, दुसऱ्यात 'शाळा', तिसऱ्यात 'गाव'. पहिल्यातून दुसऱ्यात बाण, दुसऱ्यातून तिसऱ्यात बाण. "गणितात ह्याला कॅटेगरी थिअरी म्हणतात. घाबरू नका, नावच तेवढं मोठं हाय. चौकोनात खरी माणसं राहतात. नियम दोनच. प्रत्येक माणसातून बाण निघालाच पाहिजे, आणि तो एकाच ठिकाणी लागला पाहिजे. शिक्षकाला शाळा एक. शाळेला गाव एक. बाणाला बाण जोडला, की शिक्षकाला गाव एक."

"आणि माणसाचं मन एकीकडं, शाळा दुसरीकडं असली तर?"

"तो वेगळा बाण. त्याला वेगळं नाव द्यायचं."

धम्मानंदने त्या बाणाकडे पाहिलं, बाण काढणाऱ्या बोटाकडे पाहिलं, आणि पुढची दोन वर्षं तो दुसरं काही बघतोय असं कोणाला दिसलं नाही.

अहमदपूर दोघांच्या अर्ध्या रस्त्यात पडतं. तो नांदेडहून लोह्यामार्गे, ती लातूरहून चाकूरमार्गे, अशी दर रविवारी दोन एसट्यांतून दोन माणसं अहमदपूरच्या स्टँडवर उतरायची आणि कॅन्टीनच्या पंख्याखालच्या टेबलाशी बसायची. पंखा बंद असायचा, पण टेबल ठरलेलं. चार तास चौकोन आणि बाण काढायचे, मधूनच एकमेकांकडे बघायचं, आणि चारच्या एसट्या धरायच्या. हिशेब केला तर दोन वर्षांत धम्मानंदने आरतीला फक्त रविवारी पाहिलेलं होतं. रविवारची आरती त्याला तोंडपाठ होती. बाकीच्या सहा वारांच्या आरत्या कशा असतील, ह्या विचारात त्याचे सहा वार जायचे.

लग्नाला दोघांच्या घरून हरकत नव्हती. हरकत आरतीची होती.

तिचे वडील मंडळाच्या बिलोलीच्या शाळेत क्लार्क आणि आई लातूरच्या शाळेत शिक्षिका. सव्वीस वर्षं बाबा शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. लहानपणी आरतीला वाटायचं की बाप हा बाजारासारखा आठवड्यातून एकदा भरतो. पती-पत्नी एकत्रीकरणाचा त्यांचा अर्ज मंडळाकडे अजून विचाराधीन आहे. बाबा रिटायर होऊन चार वर्षं झाली. आता ते घरीच असतात, पण सोमवारी पहाटे उठून पिशवी घेऊन बसतात, मग आई चहा देते आणि पिशवी काढून घेते.

"मला शनिवारचा नवरा नको," आरती म्हणायची. "आधी एक गाव. मग लग्न."

मंडळाचा नियम चौदा म्हणतो, आधी लग्न, मग एक गाव. धम्मानंद तर्कशास्त्राचा माणूस असल्याने त्याला ह्या चक्राचं नावही माहीत होतं, पण नाव माहीत असून उपयोग झाला नाही. नोकरी सोड असं दोघांपैकी कोणी कोणाला म्हणालं नाही. अनुदानित शाळेतली कायम नोकरी सोड म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचा आहे.

तर धम्मानंद कामाला लागला. तीनशे बारा कर्मचारी, पाच गावं : नांदेड, लातूर, मुखेड, बिलोली, जळकोट. बदल्या हाच मंडळाचा मुख्य व्यवहार असल्याने त्याने 'जोडीदार' नावाचा बाणही काढला, आणि आरतीने फोनवर सांगितलेला नियम लावला : जोडीदाराचा जोडीदार म्हणजे आपण स्वतः. साधी गोष्ट. बायकोच्या नवऱ्याकडे गेलं की माणूस परत आपल्याकडेच यायला पाहिजे, नसता गावात भांडण.

माहिती भरताना कुर्तडीकर मागे येऊन उभे राहिले.

"हे एक्केचाळीस रकाने रिकामे का?"

"त्यांला जोडीदार न्हाई, साहेब. काही बिनलग्नाचे हायत, काहींचे वारलेत. ह्यांच्यासाठी एक वेगळा चौकोन काढावा लागंल."

"वेगळं काही काढू नका. रकाना रिकामा सोडायचा नसतो. तीस वर्षं झाली मला, एक रकाना रिकामा सोडला न्हाई. निरंक लिहा."

निरंक म्हणजे काही नाही. सरकारी-निमसरकारी कागदावर 'काही नाही' हेसुद्धा लिहून द्यावं लागतं, ही आपली रीत. पाऊस निरंक, तक्रारी निरंक, जोडीदार निरंक. सायंकाळचे पाच वाजले होते आणि एसटी साडेपाचची होती, मुखेडची. धम्मानंदने एक्केचाळीस ठिकाणी निरंक लिहिलं आणि घरी गेला.

आता यंत्राची बाजू ऐकून घ्यायला पाहिजे. असल्या प्रणालीत एक रीझनर असतो. भरलेल्या माहितीवरून जे जे निघतं ते सगळं तो काढतो, आणि काढताना लाजत नाही. त्याला आपली रीत माहीत नव्हती. 'जोडीदार' हा बाण माणसाकडे जातो, बाणाच्या टोकाला निरंक आहे, सबब निरंक हा माणूस. त्याला एक्केचाळीस जोडीदार दिसतात. पण नियमाप्रमाणे निरंकला जोडीदार एकच असणार. सबब हे एक्केचाळीस जण एकच आहेत. नावं वेगळी आहेत म्हणून माणसं वेगळी, असं यंत्र मानत नाही. एका माणसाला चार नावं असतात हे त्याला चांगलं ठाऊक असतं. अशा रीतीने बिलोलीच्या पार्वतीबाई, ज्यांचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली, मुखेडचे चोवीस वर्षांचे पीटीचे मास्तर, नांदेडचा धम्मानंद आणि लातूरची आरती ही एक व्यक्ती झाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण एका शिक्षकाला शाळा एक. हा एक शिक्षक तर पाच शाळांत दिसतोय. सबब पाच शाळा एकच. आणि शाळेला गाव एक. सबब नांदेड, लातूर, मुखेड, बिलोली, जळकोट हे एकच गाव.

सोमवारी सकाळी अहवाल आपोआप छापून आला. कुर्तडीकरांनी फक्त शेवटचं पान वाचलं, कारण वरिष्ठ तेवढंच वाचतात. तिथे लिहिलं होतं : 'पती-पत्नी एकत्रीकरणाचे प्रलंबित अर्ज : सतरा. निकाली : सतरा. कारण : अर्जदार पती-पत्नी एकाच गावी आहेत.' अध्यक्षांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी सतरा घरांना पत्रं धाडली.

त्यातलं एक पत्र आरतीच्या घरी गेलं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. आई कणीक मळत होती.

"झालं एकदाचं," बाबा म्हणाले.

"काय झालं?"

"एकत्रीकरण."

आईने हात धुतले, पत्र मागून घेतलं, वाचलं, आणि नुसतंच त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

पत्रं पोचली आणि माणसं हलली. हजेरीच्या यंत्राला अंगठा लावायचा असतो, आणि एका गावातल्या कुठल्याही शाखेत अंगठा चालतो असा मंडळाचा जुना नियम आहे, कारण नांदेडातच मंडळाच्या दोन शाखा आहेत. आता पाचही गावं एक. बिलोलीचे मास्तर बायकोकडे जळकोटला जाऊन अंगठा लावू लागले. मुखेडच्या बाई नवऱ्याकडे नांदेडला. यंत्र सगळ्यांना हजर म्हणत होतं. त्यात हे एक्केचाळीस जण तर एकच असल्याने त्यांच्यातल्या कोणीही अंगठा लावला की सगळे हजर व्हायचे. पार्वतीबाई रोज वेळेवर यायच्या, म्हणून सगळ्यांचं निभून जायचं.

धम्मानंदला मंगळवारी सकाळी उलगडा झाला. त्याने पडद्यावर नांदेड शोधलं तर लातूर निघालं. मग त्याने पिशवी भरली आणि लातूरची एसटी धरली.

आरती शाळेच्या फाटकातून बाहेर येत होती. केसांत पेन खोचलेला, कोपराला खडू, कपाळाला आठी. ही मंगळवारची आरती होती. धम्मानंद बघतच राहिला.

"तू? आज मंगळवार हाय," ती म्हणाली.

"हाव."

"मग इथं काय करून राहिलास?"

"ड्यूटीवर हाय. गावातच हाय मी." त्याने अहवाल पुढे केला.

ती गणिताची बाई. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि कुठे काय झालं ते तिला दुसऱ्या पानावर कळलं.

"निरंकला माणूस धरलं त्यानं."

"हाव."

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम केलं असतं तर आपल्या दोघांलाच केलं असतं. पार्वतीबाईला मधी कशाला घेतलं असतं."

आरती हसली नाही, पण तिने अहवाल परत दिला नाही. पर्समध्ये ठेवला.

धम्मानंद तिच्या शाळेजवळ एका मित्राच्या खोलीवर उतरला. मग बुधवारची आरती दिसली : भाजीवाल्याशी वांग्यावरून हुज्जत घालणारी. गुरुवारची आरती सहावीच्या वह्या तपासताना पुटपुटते, हे त्याला माहीत नव्हतं. शुक्रवारी तिला सर्दी झाली. सर्दी झालेली आरती दोन वर्षांत त्याच्या वाट्याला आलेली नव्हती. रविवारी ती बरी होऊनच यायची. त्याने तिला गवती चहा करून दिला आणि जन्माचं सार्थक झाल्यासारखा पायरीवर बसून राहिला. शनिवारी संध्याकाळी एसट्या भरून माणसं आपापल्या घरी निघाली तेव्हा हे दोघं नुसते रस्त्याने चालत होते. कुठेच जायचं नव्हतं.

दहाव्या दिवशी, पुन्हा वांगी घेतानाच, ती म्हणाली, "एका गावात राहून बघितलं. चालतंय. करू लग्न."

धम्मानंदने वांगी पिशवीत भरली. मग तो म्हणाला, "नोंद करून टाकतो."

"आत्ता?"

"नियम चौदा. ठरलेल्या लग्नाची पण नोंद लागती. उद्या कोणी म्हणायला नको."

तिच्याच घरी, बाबांच्या समोर, त्याने लॅपटॉप उघडला. अनुक्रमांक ११२, धम्मानंद. जोडीदार : अनुक्रमांक २०७, आरती. यंत्राने थोडा विचार केला आणि उत्तर दिलं : '११२ व २०७ ही एकच व्यक्ती आहे. व्यक्ती स्वतःची जोडीदार होऊ शकत नाही.'

बाबा चष्मा लावून पुढे झुकले. "म्हणजे काय म्हणतंय ते?"

आरतीने ओढणीला हात पुसले. "म्हणजे असं, बाबा. आम्ही एक हावोत म्हणून गाव एक हाय. एक हावोत म्हणून लग्न होत न्हाई. लग्नासाठी दोन व्हावं, तर गावंपण दोन होणार."

"सव्वीस वर्षं मी हेच सांगून राहिलो होतो मंडळाला," बाबा म्हणाले. "मला एवढं थोडक्यात आलं न्हाई."

अकराव्या दिवशी जळकोटचे मुख्याध्यापक बसलिंगप्पा यांनी मुख्य कार्यालयात फोन केला. सहा वर्गांच्या शाळेत त्यांच्याकडे आधीचे धरून एकोणीस मास्तर झाले होते. "सर, माणसं चांगली हायत. चहापण आपला आपण करून राहिलेत. पण मी ह्यांला बसवू कुठं? आणि बिलोलीला कोण हाय बघा जरा, तिथला फोन शिपाई उचलून राहिला, अन् तो म्हणतोय भूमितीपर्यंत मी शिकवलंय, पुढचं येत न्हाई."

कुर्तडीकरांनी धम्मानंदला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा ते पडद्यापुढे बसून होते.

"हा निरंक कोण?"

"साहेब, तुम्हीच लिवायला लावलं होतं."

"मी रकाना भरा म्हटलं होतं, सोनकांबळे. एक्केचाळीस लग्नं लावा म्हटलं नव्हतं. काढा त्याला."

दुरुस्ती एका ओळीची होती. यंत्राने विचारलं : 'निरंक ही व्यक्ती काढून टाकायची?' खाली हो, नाही. धम्मानंदचं बोट 'हो'च्या वर होतं. लातूरच्या बाजारात आत्ता ती काय घेत असेल असा विचार त्याच्या मनात आला. आज शुक्रवार होता. शुक्रवारची ती एकदाच दिसली होती, तीही सर्दीत.

"चहा येईस्तोवर दाबा," कुर्तडीकर म्हणाले. तेही पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

त्याने दाबलं. एका माणसाची एक्केचाळीस माणसं झाली. मग गावं आली, अकारविल्हे : जळकोट, नांदेड, बिलोली, मुखेड, लातूर. नांदेड आणि लातूरच्या मध्ये दोन गावं येऊन बसली होती.

संध्याकाळी आरतीचा फोन आला. तिच्या शाळेच्या संगणकावरही गावं वेगळी झालेली दिसली होती.

"केलंस?"

"केलं."

"बरं केलंस. बिलोलीच्या पोरांची चाचणी हाय." मग म्हणाली, "मी करू म्हणलं होतं, ते माघारी घेतलेलं न्हाई. पण गाव पाहिजे, धम्मा. आई-बाबांनी पण आधी लग्न उरकू, गावाचं मग बघू म्हणलं होतं."

"मला माहीत हाय."

"अर्ज लिव."

"लिवतो."

मंडळाने तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला होता. धम्मानंदने तो दुसऱ्याच दिवशी, कार्यालयाच्या वेळेत, कार्यालयाच्याच कागदावर लिहिला आणि आवक-जावक नोंदवहीत नोंदवून घेतला. तो असा :

प्रति,
मा. अध्यक्ष, मन्याड-मांजरा शिक्षण प्रसारक मंडळ, नांदेड.

विषय : पाच गावे पूर्ववत वेगळी केल्याबाबत व त्या अनुषंगाने.

महोदय,

उपरोक्त विषयी सादर की, तोंडी आदेशानुसार 'निरंक' या व्यक्तीस प्रणालीतून काढण्यात आले असून तिच्या मागे कोणीही नाही. पाचही गावे आपापल्या ठिकाणी परत गेली आहेत. एक्केचाळीस कर्मचाऱ्यांना एकच व्यक्ती ठरविण्याची जी चूक झाली तिची जबाबदारी अर्जदार स्वीकारतो. तथापि प्रकरणाची फेरतपासणी केली असता असे आढळले की, सदर चूक एकोणचाळीस जणांच्या बाबतीत झालेली आहे. उरलेल्या दोघांच्या बाबतीत यंत्राने काढलेल्या निष्कर्षात अर्जदारास अद्याप दोष सापडलेला नाही.

सबब, अनुक्रमांक ११२ व अनुक्रमांक २०७ यांना विवाहापुरते दोन आणि बाकी सर्व प्रयोजनांसाठी एकच व्यक्ती समजण्यात यावे. एका व्यक्तीस एकच गाव असते हे मंडळाच्या नियमात बसत असल्याने ते गाव कोणते, हे मंडळाने आपल्या सोयीने ठरवावे. आणि तसा आदेश दोन प्रतींत न काढता एकाच प्रतीत काढून, दोघांच्या नावे, एकाच पत्त्यावर पाठविण्याची व्यवस्था व्हावी.